तांबडा मणी

मागच्या आठवड्यात आमच्या अ‍ॅपमध्ये एक लाल ठिपका टाकला. वापरणाऱ्याला सतत वाटत राहावं की काहीतरी बघायचं राहिलंय, एवढ्यासाठीच. खरं तर राहिलेलं काहीच नसतं! टीममध्ये सगळे खूष. मला मात्र दुसराच एक लाल ठिपका आठवत राहिला. म्हटलं, या वीकांताला त्यावरच लिहू.

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. औषध स्वस्त होतं, पण डॉक्टर दूर. म्हणजे आजार गावातच कुणीतरी ओळखायला हवा. गावात कोण? दाई.

खूण तशी सोपी. खोकला झालेलं मूल एका मिनिटात किती श्वास घेतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, त्याहून मोठं असेल तर पन्नास. याच्या वर गेलं की धोका, असा तेव्हाचा नियम. पण अक्षरओळख नसलेल्या बाईने बाळाचं पोटही बघायचं, घड्याळही बघायचं, साठपर्यंत मोजायचं आणि वर वयाप्रमाणे आकडा लक्षात ठेवायचा? तुम्ही-आम्ही करून बघा, आपलीही दांडी उडेल.

आपण असतो तर 'ट्रेनिंग वाढवा' म्हणून मोकळे झालो असतो. यांनी यंत्र बदललं. 'ब्रेथ काउंटर' नावाचं हे यंत्र म्हणजे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, लहान बाळासाठी एक, मोठ्या मुलासाठी एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. बस्स. साठ आणि पन्नास हे आकडे मण्यांच्या मांडणीतच आहेत. दाईला दहाच्या पुढे मोजावंच लागत नाही. आणि यंत्राचा आवाज नाही, तिची नजर बाळावरच राहते.

यावरचा शोधनिबंध १९९२ साली आला. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 'शांत तंत्रज्ञाना'वर लिहिलं ते १९९५ मध्ये. आम्ही कॉन्फरन्समध्ये नावं घेतो ती या दोघांची.

त्याआधी १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या प्रयोगाचे आकडे छापून आले होते. जिथे दाया, गावातले आरोग्यसेवक वगैरेंनी उपचार केले त्या ५८ गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत १७.५. आता हे श्रेय मण्यांना देऊ नका हं. ते औषधाचं, शिकवण्याचं आणि गावातल्या माणसांवर टाकलेल्या विश्वासाचं. पण जी बाई आजवर फक्त बाळंतपणं करत होती तिच्या हातात निदान आलं, त्यात अशा साध्या साधनाचा वाटा आहेच.

असो. तो तांबडा मणी बाळाला धाप लागली असेल तरच सरकतो. आमचा ठिपका रोज सकाळी नऊ वाजता पेटतो. सोमवारी मीटिंगमध्ये तो काढायचं म्हणणार आहे. ऐकतील असं वाटत नाही, पण म्हणणार.