अवकाशीय सांख्यिकी आणि भूमी उपयोजनातील बदल

अवकाशीय सांख्यिकी ही स्थाननिर्देश असलेल्या माहितीचे विश्लेषण करणारी सांख्यिकीची शाखा आहे. येथे 'अवकाश' म्हणजे अंतराळ नव्हे, तर भूपृष्ठावरील जागा होय. जंगलाची शेती होणे, शेतजमिनीवर वस्ती उभी राहणे अशा बदलांच्या अभ्यासात या शाखेचा उपयोग होतो. एकूण आकडेवारीवरून किती जमीन बदलली हे समजते. ती कोठे व कशाच्या सान्निध्यात बदलली, हे अवकाशीय विश्लेषणातून उलगडते.

मूलतत्त्व
दूरच्या स्थळांपेक्षा जवळची स्थळे परस्परांशी अधिक निगडित असतात, असे तत्त्व वॉल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये डेट्रॉइटच्या नागरी वाढीवरील लेखात मांडले. ते 'भूगोलाचा पहिला नियम' म्हणून ओळखले जाते. त्यामुळे शेजारचे भूखंड स्वतंत्र नोंदी मानता येत नाहीत. तसे मानल्यास योगायोगाने दिसणारा संबंधही खरा भासू शकतो.

मापन
या परस्परावलंबनास अवकाशीय स्वसहसंबंध म्हणतात. पॅट्रिक मोरान यांच्या १९५० मधील कार्यावरून ओळखला जाणारा मोरान निर्देशांक तो मोजतो. धन मूल्य समान नोंदींचे पुंजके दर्शवते, शून्यानजीकचे मूल्य यादृच्छिक मांडणी, तर ऋण मूल्य भिन्न नोंदींचे शेजार दर्शवते. पुंजके नेमके कोठे आहेत, हे शोधण्यासाठी लूक अँसेलिन यांनी १९९५ मध्ये स्थानिक निर्देशकांची मांडणी केली.

उदाहरण : रोंडोनिया
ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात १९८० च्या दशकात बीआर-३६४ महामार्गाचे डांबरीकरण झाले आणि स्थलांतरितांचा ओघ वाढला. महामार्गाला फुटलेल्या रस्त्यांलगत जंगल तोडले गेले. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांत ही तोड माशाच्या काट्यांसारखी दिसते. तेवढेच क्षेत्र सलग तोडले असते, तर उरलेल्या वनाला इतक्या कडा पडल्या नसत्या. पट्ट्यांतील तोडीने वनाचे तुकडे होतात. कडांवरील झाडे वारा, शुष्कता व आग यांना बळी पडतात. राज्याच्या सरासरीत ही हानी दिसत नाही.

मर्यादा
गाव, तालुका वा जिल्हा यांपैकी कोणते एकक निवडले, यावर निष्कर्ष बदलू शकतात. तसेच सान्निध्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. रस्त्यामुळे जंगल तुटले की सुपीक जमिनीकडे रस्ता वळवला गेला, हे ठरवण्यासाठी कालक्रम, जमिनीचा कस आणि स्थानिक इतिहास तपासावा लागतो.