दाताखालचा खडा



इतिहासाच्या व्याख्यानास येणारा श्रोता लढाईची, तहाची, निदान एखाद्या ताम्रपटाची अपेक्षा धरून येतो. मी आज आपल्यापुढे एक खडा ठेवणार आहे. तोही कोण्या किल्ल्याचा नव्हे, डाळीतला. जेवताना हा खडा दाताखाली आला तर दोष कोणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा; परंतु त्याचे उत्तर काळाबरोबर कसे बदलत गेले हे पाहू लागले म्हणजे बाजार, कायदा आणि घर या तिहींचा इतिहास एकाच ताटात वाढलेला दिसतो.

माझ्या लहानपणी मोंढ्यातून ज्वारी आणि डाळ पोत्याने घरी येई. दुपारचे जेवणखाण उरकले की आई सूप घेऊन ओसरीवर बसे. पाखडणे, चाळणे, निवडणे हा तिचा रोजचाच उद्योग. एके दिवशी वडिलांच्या दाताखाली खडा आला. ते काही बोलले नाहीत. ताट मात्र त्यांनी पुढे सारले. आईचा चेहरा उतरला. वाण्याने खडा घातला असे त्या दिवशी घरात कोणाच्या मनातही आले नाही. आईने तो राहू दिला, असे मात्र सर्वांनी न बोलता ठरवून टाकले.

या निवाड्याच्या मुळाशी बाजाराचा एक जुना न्याय होता. माल उघडा असे. घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेई, फुंकर मारी, दाताखाली धरून पाही आणि मग भाव करी. पारखून घ्यावयाचे ते घेणाऱ्याने, आणि घरी आणल्यावर निवडावयाचे ते घरच्या बाईने, अशी ही वाटणी होती. विकणाऱ्याच्या वाट्याला तीत फारसे काही येत नसे.

राजसत्तेचे लक्ष याकडे नव्हते असे मात्र नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नावच मुळी ‘कंटकशोधन’ असे आहे. प्रजेच्या पायात रुतणारे काटे शोधून काढावेत, आणि त्या काट्यांत लबाड व्यापाऱ्यांचीही गणना करावी, असा त्याचा आशय. धान्य, तेल-तूप, मीठ, औषधे यांत तशाच दिसणाऱ्या वस्तूची भेसळ करणाऱ्यास तेथे बारा पण दंड सांगितला आहे. पुढे ब्रिटिश अमदानीत १८६० च्या दंडसंहितेने अन्नात भेसळ करून ते अपायकारक करणाऱ्यास सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड सांगितला. परंतु दंड भरावयाचा तो सरकारात. ज्याच्या दाताखाली खडा आला, त्या माणसाला या व्यवस्थेत जागा नव्हती. गुन्हा राजाचा, दंडही राजाचा. खाणारा आपला गाल धरून बसलेला!

हे चित्र पालटावयास एक बाटली कारण झाली. स्कॉटलंडमध्ये पेझ्ली नावाचे गाव आहे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी संध्याकाळी तेथील एका उपाहारगृहात मे डोनह्यू नावाची एक गरीब बाई आपल्या स्नेह्याबरोबर बसली होती. स्नेह्याने तिच्यासाठी जिंजर बिअर मागविली. बाटली गडद तपकिरी, आतले काही दिसू नये अशी. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतू लागले, तो त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्या बाईचे म्हणणे. ती आजारी पडली. पण दाद मागावी तरी कोणाकडे? पैसे दिले होते स्नेह्याने. तेव्हा दुकानदाराशी तिचा व्यवहारच झालेला नव्हता. आणि पेय तयार करणाऱ्या स्टीव्हन्सनला तर तिने उभ्या जन्मात पाहिलेले नव्हते.

या बाईने स्टीव्हन्सनवरच दावा लावला. आपल्याजवळ पाच पौंडांचीही मत्ता नाही असे प्रतिज्ञापूर्वक सांगून तिने लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत तो नेला. २६ मे १९३२ रोजी पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड अ‍ॅटकिन यांच्या निकालाचा गाभा दोन गोष्टींत आहे. आपल्या कृतीची झळ ज्याला लागेल असे आपल्याला आधीच दिसावयास हवे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी. मग तो शंभर कोसांवर का राहीना. आणि माल जर मध्ये कोणाला तपासताच येऊ नये अशा रीतीने बंद करून पाठविला असेल, तर तो तपासण्याचे कर्तव्य बंद करणाऱ्याचेच. पुढे स्टीव्हन्सन वारला, दावा तडजोडीने मिटला. आणि मौज अशी की, त्या बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे कोणत्याच न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही. तत्त्व मात्र जगभर राहिले.

आपल्या देशात हा विचार हळूहळू रुजला. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. त्यात एक कलम असे होते की, सामान्य गिऱ्हाइकालाही फी भरून आपण घेतलेला जिन्नस सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता यावा. कलम चांगले; पण एकट्यादुकट्याने ते वापरावे कसे? म्हणून माणसे एकत्र आली. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनी मिळून ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ज्या बायका घरात बसून खडे निवडीत होत्या, त्यांच्याच लेकीसुनांनी आता बाजार निवडावयास घेतला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खाणाऱ्याला अखेर त्याची जागा मिळाली. दंड सरकारात जावो न जावो, नुकसानभरपाई त्याच्या हाती पडावी, अशी न्यायव्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यांत झाली.

कायदा असा बदलला. पण घर बदलले काय? याचे उत्तर मला माझ्याच पंगतीत मिळाले, आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटते. आम्ही पुंडलिकनगरात राहतो. दोनएक वर्षांपूर्वी एका सुपरमार्केटातून तूरडाळीचे बंद पाकीट आणले होते. नातीच्या वरणभातात नखाएवढा तारेचा तुकडा निघाला. सुदैवाने तिने तो थुंकून टाकला. आणि ग्राहकांच्या हक्कांवर चार ठिकाणी बोलून आलेला हा मी काय बोललो? “सूनबाई, डाळ निवडली नव्हती का?” तिचा चेहरा उतरला. तो चेहरा मी पन्नास वर्षांपूर्वी पाहिला होता. पण ती गप्प राहिली नाही. आत जाऊन तिने पाकीट आणले आणि माझ्यापुढे ठेवले. “बाबा, यावर लिहिलंय, यंत्रावर स्वच्छ निवडलेली. निवडायचे पैसे आपण त्यांना दिले. मग निवडायचं कोणी?”

लॉर्ड अ‍ॅटकिननी जे सांगितले ते हेच. माझ्या सुनेने ते एका वाक्यात सांगितले.

आम्ही दुकानात गेलो. तेथील तरुण व्यवस्थापक मोठा गोड. “काका, दुसरं पाकीट घेऊन जा ना, हे इथंच राहू द्या.” मी हात पुढे केलाच होता. सुनेने पाकीट सोडले नाही. पाकीट गेले की पुरावा गेला, हे तिला ठाऊक होते. पाकीट, तारेचा तुकडा, पावती, वेष्टनावरचा बॅच क्रमांक आणि छायाचित्रे हे सारे जपून तिने कंपनीस पत्र लिहिले व अन्न आणि औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदविली. पुंडलिकाचे नाव निघाले की वीट आठवते. त्या विटेवरच्या चिकाटीनेच ती दीड महिना मागे लागली. अखेर उत्तर आले. कारखान्यातील चाळणीची तार झिजून तुटली होती. जी चाळणी खडे काढावयाची, तिचीच तार डाळीत पडली होती! चाळणी बदलली, त्या बॅचची पाकिटे दुकानांतून परत घेतली, असे त्यांनी कळविले.

ती पाकिटे कोणाकोणाच्या घरी जाणार होती, हे आम्हांस कधीच कळणार नाही. पण तक्रारीचे खरे फळ हेच. ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. दोष दुकानातील साठवणुकीचा, असे कंपनीचे म्हणणे. वेष्टनच अपुरे, असे अन्न आणि औषध प्रशासनाचे. वाद झाला खरा, पण २००४ च्या आरंभी नवे, अधिक घट्ट वेष्टन बाजारात आले, आणि ते तक्रार न करणाऱ्यांनाही मिळाले. जून २०२४ मध्ये मालाडला एका गृहस्थांच्या आइसक्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. ते पोलिसांत गेले. शोध इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोहोचला आणि डीएनए तपासणीत ते बोट तेथील एका कामगाराचे ठरले. शिसारी आली म्हणून तो कोन फेकून दिला असता, तर पलीकडे एका माणसाचा हात यंत्रात सापडला होता, हे आपल्याला कोठून कळते?

आज कायद्याचे हत्यार पूर्वीपेक्षा धारदार आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात परकी वस्तू असलेले अन्न विकण्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार मांडता येते. कारखाना देशात कोठेही असो. पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या मालाच्या तक्रारीस शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, हे ध्यानात असू द्यावे.

माझी आई शेजारणीसाठी कधी डाळ निवडीत नसे. तिचे सूप घरापुरते होते. आज पाकीट बंद आहे, सूप माळ्यावर पडले आहे, आणि तक्रारीचा कागद हेच आपले सूप झाले आहे. त्याने निवडलेले धान्य अनोळखी शेजाऱ्यांच्या ताटात पडते. तेव्हा पुढच्या वेळी दाताखाली खडा आला तर स्वयंपाकघराकडे पाहू नका. पाकीट शोधा.