म्हाताऱ्या ताऱ्यांची धूळ

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले एम. के. पाटील यांनी एस. के. पांडे, डी. के. साहू आणि अजित केंभावी यांच्यासह २००७ मध्ये २६ दीर्घिकांमधल्या धुळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दीर्घिकांमध्ये तारे बहुतेक म्हातारे, नवे क्वचितच जन्मणारे. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी. त्यामुळे वेगवेगळ्या रंगांतल्या प्रतिमा ताडून पाहिल्या की कण केवढे आणि धूळ किती, याचा अंदाज बांधता येतो. कण जवळपास आपल्या आकाशगंगेतल्यासारखेच निघाले आणि धूळ भरली दहा हजार ते दहा लाख सूर्यांइतकी! ती आली कुठून? माझ्या मते तिचे कुळ सूर्यासारख्या ताऱ्यांच्या म्हातारपणात शोधायला हवे.

गाभ्यातला हायड्रोजन संपला की असा तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. अखेरच्या टप्प्यात तो स्पंदू लागतो, बाहेरचे थर दूर फेकले जातात आणि तिथले तापमान हजार-दीड हजार अंशांवर उतरले की वायूतून सिलिकेटचे किंवा कार्बनचे कण गोठतात. ताऱ्याचा प्रकाश त्यांना ढकलतो, ते वायूलाही ओढून नेतात. मागे उरतो श्वेतबटू. असे कण खरोखर घडतात, याचा पुरावा हातात घेता येतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत सूर्याच्याही आधीचे सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडले. त्यांतल्या बहुसंख्य कणांमधली समस्थानिकांची प्रमाणे सूर्याहून थोड्या जड, कार्बनसंपन्न म्हाताऱ्या ताऱ्यांशीच जुळतात.

यावर कोणी म्हणेल, सिलिकॉन आणि लोह तर मुख्यतः अतिनवताऱ्यांच्या स्फोटात घडले. खरे आहे; पण अणूचा जन्म वेगळा आणि कणाचा वेगळा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्फोटांचे धक्के कण फोडतात, आणि तारे नवी धूळ पुरवतात त्याहून हा नाश वेगाने होतो. म्हणून आजच्या धुळीचे बरेचसे वजन थंड मेघांमध्ये वाढलेले असणार, हे मानावेच लागते. पण वाढायला बीज लागते, आणि ते पुरवण्यात या ताऱ्यांचा वाटा मोठा आहे. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकांमधली धूळ गिळलेल्या लहान दीर्घिकेतून आली असेल, हेही अनेक ठिकाणी पटते. मात्र त्याने प्रश्न एक घर मागे सरकतो, सुटत नाही.

नाश आणि वाढ यांचा हिशेब अजून जुळलेला नाही. मोठ्या दुर्बिणींची जुनी निरीक्षणे आता कोणालाही मोफत मिळतात. प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मध्ये तयार होणाऱ्या हुशार मुलांपैकी काहींनी तरी डॉक्टरकी-इंजिनिअरिंग सोडून या हिशेबाकडे वळावे.