चवड्यांवर चालणारी मुलं : उपचारांचा दोनशे वर्षांचा प्रवास

‘डॉक्टर, मूल टाचा टेकतच नाही. ऑपरेशन करावं लागेल का?’ गोडदेव-भाईंदरमधल्या अनेक पालकांना ही धास्ती असते. तिचं उत्तर थोडं इतिहासातच आहे.

1816 साली फ्रान्समध्ये देलपेश यांनी टाचेमागची ताठ शीर कापली. जखमेत पू झाला आणि त्यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही. पुढे जर्मनीत श्ट्रोमायर यांनी त्वचेला बारीक छिद्र पाडून तीच शीर सोडवली. 1836 साली त्यांच्याकडे आलेला एक रुग्ण स्वतः इंग्रज डॉक्टर होता : विल्यम लिटल. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा पाय वाकडा झाला होता. बरे झाल्यावर त्यांनी लंडनमध्ये हेच उपचार सुरू केले. पुढे 1861 साली त्यांनी दाखवून दिलं, की अवघड किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणानंतर काही मुलांचे पाय कडक होतात. हाच आजचा सेरेब्रल पाल्सी. म्हणजे दोष पायात दिसतो, पण मूळ मेंदूत असू शकतं.

आपल्याकडे टाच उचलली जाण्याचं एक मोठं कारण पोलिओ होतं. मुलीला पोलिओ झालेल्या फातिमा इस्माईल यांनी 1947 साली मुंबईत अशा मुलांसाठी काम सुरू केलं. त्यातूनच हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. 2014 साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

बाकी सगळं ठीक असूनही चवड्यांवर चालणाऱ्या मुलांचं वर्णन 1967 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी केलं. तेव्हा उपाय होता शीर लांब करण्याची शस्त्रक्रिया. नंतर टप्प्याटप्प्याने बदलायची प्लास्टरं आली. 2012 च्या स्वीडिश अभ्यासात सुमारे 5 टक्के मुलं कधी ना कधी अशी चालल्याचं आढळलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांची सवय साडेपाच वर्षांपर्यंत सुटली होती. प्लास्टरसोबत बोटॉक्स दिल्याने जास्त फायदा होत नाही, हेही तिथेच 2013 मध्ये दिसलं.

म्हणून आज क्रम असा : आधी कारण शोधायचं, मग पोटरीचे ताण-व्यायाम, गरज पडल्यास प्लास्टर किंवा स्प्लिंट आणि शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी.

मात्र मूल एकाच पायाच्या चवड्यावर चालत असेल, आधी टाच टेकून चालायचं आणि आता टेकत नसेल, मांडीवर हात रोवून उठत असेल, बोलायला उशीर झाला असेल, किंवा हाताने वाकवूनही घोटा वर येत नसेल, तर ‘मोठं झाल्यावर सुटेल’ म्हणून थांबू नका. लगेच तपासून घ्या.