किरण ते हॉक : बीदरच्या आकाशातील एक हिशेब

बीदरच्या किल्ल्याच्या बुरुजांवर बरीदशाहीच्या काळातील अवजड तोफा आजही पाहावयास मिळतात. त्या ओतण्यास किती द्रव्य लागले असेल, असा प्रश्न पाहणाऱ्यास सहज पडतो. जुनी झालेली तोफ वेळीच बदलली नाही तर त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या हवाई दलाच्या तळाचा इतिहास आम्हांस या दुसऱ्या प्रश्नाकडे घेऊन जातो.

भालकी, औराद, बसवकल्याण या भागांतील आपल्या मराठी घरांना विमानांचा आवाज नवा नाही. परंतु या आवाजाचा एक धागा थेट कोल्हापूरकडे जातो, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. कोल्हापूर भागातील हसूर येथे १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे प्राध्यापक प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान आकारास आले आणि १९५१ साली उडाले. त्यानंतर आले ‘किरण’. या जेट विमानाचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतील अशी त्याची रचना होती. १९९६ साली बीदर येथे स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाने याच विमानांच्या कसरती देशविदेशांत दाखविल्या आणि आपल्या गावाचे नाव सर्वतोमुखी केले.

किरण उत्तम होते. उणीव होती ती पुढच्या पायरीची. किरणवर शिकलेला विशीतील तरुण पुढे मिग-२१ वर जाई. ध्वनीहून वेगवान असे हे विमान उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगात असे. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८२ सालीच केली होती. ‘हॉक’ विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी. ६६ विमानांपैकी २४ ब्रिटनमधून तयार येणार होती आणि ४२ बंगळुरूस बांधली जाणार होती. खर्च सुमारे ८,००० कोटी रुपये. फेब्रुवारी २००८ मध्ये ती बीदर येथेच हवाई दलात दाखल झाली.

या विलंबाची दुसरी बाजू २०१२ साली संसदेत मांडली गेली. मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने अपघातग्रस्त झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्यू पावले होते. हे सारे अपघात प्रशिक्षणाच्या उणिवेमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. यांत्रिक बिघाड आणि मानवी चूक अशी दोन्ही कारणे सांगितली गेली. तथापि मधली पायरी नसल्याचा भार कोवळ्या वैमानिकांनी वाहिला, हे नाकारता येत नाही.

शासकीय सेवेत आम्ही एका कचेरीतील जुनी जीप पाहिली होती. तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे फिरत राहिला आणि दुरुस्तीची देयके वाढत गेली. सुट्या भागांसाठी दुसरी बंद पडलेली जीप मोडावी लागली. नवी गाडी मंजूर झाली तेव्हा तिची किंमतही मूळ अंदाजाच्या पुढे गेली होती. विमानांचा हिशेब याहून कठीण असतो. केवळ विमान घेऊन भागत नाही. त्याबरोबर आभासी सरावाची यंत्रे, हत्यारे, सुटे भाग आणि तंत्रज्ञांचे नवे शिक्षणही लागते. शिवाय नवे पुरते रुळेपर्यंत जुने व नवे असे दोन संसार एकाच वेळी चालवावे लागतात.

एक पायरी ढासळली की दुसरीवर भार येतो, हेही बीदरने अनुभवले. जुलै २००९ मधील अपघातानंतर प्राथमिक शिक्षणाची ‘एचपीटी-३२’ विमाने थांबविण्यात आली. तो भार किरणवर आला आणि प्रशिक्षणासाठी विमाने हवीत म्हणून २०११ साली सूर्यकिरण पथकच स्थगित झाले. किरणची जागा घेण्यासाठी योजलेले ‘सितारा’ २००३ साली उडाले, परंतु त्याच्या चाचण्या लांबतच गेल्या. शेवटी २०१२ साली स्वित्झर्लंडकडून ७५ ‘पिलाटस’ विमाने सुमारे २,८९६ कोटी रुपयांस घ्यावी लागली. मार्च २०२३ मध्ये ७० स्वदेशी ‘एचटीटी-४०’ विमानांचा करार झाला, तो ६,८०० कोटींहून अधिक रकमेचा. दोन्ही करारांतील सामग्री सारखी नाही, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे. पण वाट पाहणे स्वस्त पडत नाही, इतके त्यांवरून दिसते.

सूर्यकिरण २०१५ साली हॉक विमानांसह पुन्हा उभे राहिले. नव्या विमानाने धोका संपतो, असेही नाही. २००६ व २००९ साली बीदरजवळ किरण कोसळून या पथकाचे वैमानिक गेले. तसेच २०१९ साली येलहंका येथे हॉक विमानांची टक्कर होऊन एक वैमानिक गेला.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ निवृत्त झाले, सेवेच्या तब्बल बासष्टाव्या वर्षी. त्याच्या आदल्याच दिवशी ९७ तेजस विमानांसाठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला होता. आकडा ऐकून छाती दडपते. गरीब देशास हा खर्च परवडतो का, असे विचारणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. शाळा, पाणी, रस्ते यांची निकड आपल्या सीमाभागाइतकी कोणास ठाऊक असणार? आमचे म्हणणे एवढेच, की जमाखर्च मांडताना विलंबाचा रकानाही भरावा. त्या रकान्यात रुपयांबरोबर माणसांचीही नोंद असते. विमाने खरेदी करण्याचा खर्च निदान अंदाजपत्रकात दिसतो. न घेतल्याचा खर्च कोणाच्या तरी घरात, भिंतीवरच्या तसबिरीत दिसतो.