कुंडल परिसरातील विद्यार्थी-युवक नेतृत्वाची जडणघडण आणि प्रतिसरकार (१९४२-१९४६) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. या आंदोलनाचा जोर देशाच्या बहुतेक भागांत काही महिन्यांतच ओसरला. तत्कालीन सातारा जिल्ह्यात मात्र त्याला वेगळे वळण मिळाले आणि १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार कार्यरत राहिले. या प्रतिसरकारच्या प्रमुख केंद्रांपैकी कुंडल हे एक होते. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. त्या काळी ते औंध संस्थानात मोडत असे. प्रतिसरकारविषयी आजवर झालेल्या लेखनात रेल्वे व खजिन्यावरील धाडी, भूमिगतांचे साहस आणि हौतात्म्य यांना मोठे स्थान मिळाले आहे व ते योग्यच आहे. तथापि विशी-बाविशीतील, शिक्षण अर्धवट टाकून आलेल्या तरुणांचे नेतृत्व वयाने व अनुभवाने मोठ्या असलेल्या खेडुतांनी का मान्य केले, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कुंडल परिसरातील युवक नेतृत्वाला पूरक ठरलेल्या शैक्षणिक व सामाजिक परिस्थितीचा आढावा घेणे.
२) प्रतिसरकारच्या काळात हे नेतृत्व लोकमान्य होण्यामागील कारणे शोधणे.
३) स्वातंत्र्योत्तर काळात या नेतृत्वाच्या स्वरूपात झालेले परिवर्तन अभ्यासणे व आजच्या विद्यार्थी जीवनाच्या संदर्भात त्याचे मूल्यमापन करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, आत्मकथने व मुलाखती या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

नेतृत्वाची पूर्वपीठिका : वसतिगृह, कारखाना आणि पंचायत

सातारा-कोल्हापूर परिसरातील बहुजन समाजाच्या नेतृत्वाचा पाया शिक्षणाने घातला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रोत्साहन दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. या वसतिगृहात मुले एका पंक्तीत जेवत, श्रमाची कामे स्वतः करीत आणि धान्य कोठून आले व किती दिवस पुरेल याची चिंताही त्यांना वाटून घ्यावी लागे. संस्थेच्या अडचणीच्या काळात लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने मोडले. अशा वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या मनात शिक्षण ही समाजाकडून घेतलेली उसनवारी आहे, अशी भावना रुजणे स्वाभाविक होते.

कुंडलच्या शेजारी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत स्थापन केली. लोखंडी नांगर बनविणाऱ्या या कारखान्यामुळे परिसरातील शेतकरी कुटुंबांचा यंत्राशी, पगाराशी आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या माणसांशी संबंध आला. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात हुतात्मा झालेले उमाशंकर पंड्या हे या कारखान्यात काम करणारे होते. या घटनेवरून कारखाना व शेतकरी चळवळ यांतील जवळीक लक्षात येते.

तिसरा घटक औंध संस्थानाचा होय. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शिक्षण, व्यायाम व सूर्यनमस्कार यांच्या प्रसारासाठी विशेष प्रयत्न केले. १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाने, तसेच अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या परिश्रमातून औंधमध्ये स्वराज्याची घटना अमलात आली. तिने ग्रामपंचायतीला कारभाराचा पाया मानले व गावपातळीवर न्यायदानाला वाव दिला. कुंडलच्या तरुण पिढीने गावाचा कारभार गावानेच पाहण्याचा हा प्रयोग स्वतःच्या संस्थानात पाहिला होता. पुढे प्रतिसरकारने न्यायदान मंडळे स्थापली, तेव्हा ही कल्पना येथील लोकांना सर्वस्वी परकी वाटली नसावी, असे अनुमान काढता येते. शिवाय कुंडल संस्थानी हद्दीत असल्याने ब्रिटिश मुलखातील पोलिसांपासून भूमिगतांना तेथे तुलनेने अधिक सुरक्षितता लाभली.

महाविद्यालयातून गावाकडे

क्रांतिअग्रणी गणपती दादा लाड तथा जी. डी. बापू यांचा जन्म ४ डिसेंबर १९२२ रोजी कुंडल येथे झाला. पुण्यात आयुर्वेदाचे शिक्षण घेत असताना १९४२ चे आंदोलन सुरू झाले आणि ते शिक्षण सोडून गावी परतले. वाळव्याचे नागनाथ नायकवडी हेही त्याच वर्षी जन्मलेले व कोल्हापुरात शिकत असतानाच चळवळीत ओढले गेलेले. तुफान सेनेचे कॅप्टन म्हणून पुढे 'कॅप्टन भाऊ' या नावाने परिचित झालेले कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड यांचा जन्मही १९२२ चाच. आंदोलन सुरू झाले तेव्हा हे सारे विशीच्या आसपासचे होते.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. २४ ऑगस्टचा कराडचा व ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा रक्तपाताविना पार पडला. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण गोळीबारात बळी पडले व दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. नि:शस्त्र मोर्चांचा मार्ग येथे खुंटला. या टप्प्यावर शहरातील महाविद्यालयांत परत जाणे तरुणांना अशक्य नव्हते. अनेकांनी मात्र गाव हेच कार्यक्षेत्र मानले. विद्यार्थिदशेतील क्षणिक उत्साहाचे रूपांतर दीर्घकालीन बांधिलकीत झाले ते या निर्णयामुळे.

भाकरी आणि विश्वास : उत्तरदायित्वाचे स्वरूप

प्रतिसरकारच्या नेतृत्वाला कोणतीही निवडणूक, सनद अथवा पगार नव्हता. भूमिगत कार्यकर्ता रोज रात्री कोणाच्या तरी घरी भाकरी खात असे व कोणाच्या तरी रानात किंवा माळ्यावर झोपत असे. त्याच्या डोक्यावर सरकारने इनाम लावलेले असे. गावातील एका माणसाने तोंड उघडले, तर त्याची अटक निश्चित होती. त्याचे स्वातंत्र्य, किंबहुना त्याचा जीवच, गावाच्या मौनावर अवलंबून होता. हे अवलंबित्व कुंडलच्या नेतृत्वाच्या लोकमान्यतेचे मूळ होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. ज्या घरची भाकरी खायची त्या घरावर अन्याय करता येत नाही आणि केल्यास दुसऱ्या दिवशी त्या गावात पाऊल ठेवता येत नाही. मतपेटी नसतानाही लोक आपल्या नेत्याची दररोज परीक्षा घेत होते.

७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वेगाडी तुफान सेनेने अडविली व सुमारे १९ हजार रुपये ताब्यात घेतले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्यावर धाड घालून सुमारे साडेपाच लाख रुपये मिळविण्यात आले. या मोहिमेत जी. डी. बापू, नागनाथअण्णा व त्यांचे सहकारी अग्रभागी होते आणि डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील यांच्यासारख्या खानदेशातील कार्यकर्त्यांचे त्यांना साहाय्य लाभले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपविणारी होती. ती चळवळीसाठी आहे, स्वतःसाठी नाही, हा विश्वास लोकांच्या मनात टिकून राहिला नसता, तर क्रांतिकारक आणि दरोडेखोर यांतील भेद सामान्य माणसाला उरला नसता. प्रतिसरकारने आंदोलनाच्या नावावर लूटमार करणाऱ्या गुंडांचा बंदोबस्त करण्यावर जो भर दिला, त्याचे मर्म येथे आहे.

विधायक कार्यातही हेच सूत्र दिसते. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी जमिनीचे, गहाणखताचे व कौटुंबिक तंटे सोडविले. दारूबंदीचा पुरस्कार केला. खर्चिक विवाहांना पर्याय म्हणून 'गांधी विवाह' पद्धत रूढ केली. १९४५ च्या मे महिन्यात खुद्द जी. डी. बापूंचा विवाह विजयाताईंशी याच साध्या पद्धतीने कुंडल येथे झाला व त्यास हजारो लोक उपस्थित राहिले. लोकांना जे सांगावयाचे ते आधी आपल्या घरात आचरावयाचे, हा या नेतृत्वाचा दंडक होता. शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी हा विचार निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचविला.

मर्यादा

इतिहासाच्या अभ्यासकाने गौरवाबरोबर मर्यादांचीही नोंद घेणे आवश्यक आहे. खबरे, गुंड व अत्याचारी सावकार यांना तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा दिली जाई. त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले असे सांगितले जाते. त्वरित न्याय हे या न्यायदानाचे बलस्थान होते. परंतु त्वरित न्यायात आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळतेच असे नाही आणि चुकीच्या निवाड्यावर दाद मागण्याची जागाही तेथे नव्हती. स्त्रियांचा सहभाग मोलाचा होता. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी निरोप पोहोचविणे, टेहळणी व शस्त्रांची ने-आण अशी जोखमीची कामे पार पाडली, तर शेकडो अनाम स्त्रियांनी रात्री-अपरात्री भूमिगतांसाठी चूल पेटविली. तरीही गटांचे नेतृत्व करणाऱ्यांत स्त्रियांची नावे जवळजवळ आढळत नाहीत. ज्या भाकरीवर चळवळ उभी होती, ती थापणारे हात निर्णयाच्या बैठकीपासून दूर राहिले.

स्वातंत्र्योत्तर परिवर्तन

१९४६ मध्ये प्रांतिक सरकार आल्यानंतर भूमिगत पर्व संपले. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. जी. डी. बापूंनी शेतकरी कामगार पक्षाच्या माध्यमातून विधिमंडळात कार्य केले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात भाग घेतला आणि कुंडलमध्ये शिक्षणसंस्था व पुढे सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत पुढाकार घेतला. नागनाथअण्णांनी वाळवा येथे हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने साखर कारखाना उभारला व धरणग्रस्त आणि दुष्काळग्रस्तांच्या पाणी चळवळीला बळ दिले. शाळा, वसतिगृह व कारखाना यांतून हजारो कुटुंबांचे जीवनमान उंचावले, हे नाकारता येत नाही.

तथापि नेता व लोक यांतील नात्याची दिशा या काळात पालटली. पूर्वी नेता भाकरीसाठी गावावर अवलंबून होता; आता गाव उसाच्या नोंदीसाठी, नोकरीसाठी व मुलांच्या प्रवेशासाठी संस्थेवर अवलंबून राहू लागले. पहिल्या पिढीने या अधिकाराचा उपयोग चळवळीतून आलेल्या संयमाने केला. मात्र तो संयम वारशाने मिळत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील सहकार व शिक्षण क्षेत्रात पुढे वाढलेल्या घराणेशाहीचे मूळ या पालटलेल्या नात्यात शोधावे लागते. जी. डी. बापू १४ नोव्हेंबर २०११ रोजी, नागनाथअण्णा २२ मार्च २०१२ रोजी, तर कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये निवर्तले. ज्यांना हा फरक स्वानुभवाने सांगता आला असता, ती पिढी आता जवळजवळ राहिलेली नाही.

आजचे विद्यार्थी जीवन

महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ नुसार महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेवरील प्रतिनिधित्व मुख्यतः गुणवत्तेवर आधारित नामनिर्देशनाने ठरू लागले. निवडणुकांतील हिंसाचार व पक्षीय हस्तक्षेप यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. निवडणूक की नामनिर्देशन, हा वाद त्यामुळे अनेक वर्षे चालू राहिला. कुंडलचा इतिहास या वादाला वेगळे परिमाण देतो. परीक्षेतील गुण नेतृत्व घडवीत नाहीत आणि वर्षातून एकदा होणारे मतदानही ते घडवीलच असे नाही. वसतिगृहाच्या भोजनालयाचा हिशेब, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील कामाची वाटणी, सहाध्यायाच्या तक्रारीचा निवाडा अशा लहान जबाबदाऱ्या खऱ्या अर्थाने सोपवून त्यांचा जाब सर्वांसमक्ष घेतला गेला, तरच विद्यार्थी नेतृत्वाची तालीम होते.

निष्कर्ष

१) कुंडल परिसरातील युवक नेतृत्व आकस्मिक नव्हते, वसतिगृह चळवळ, किर्लोस्करवाडीचा औद्योगिक संपर्क आणि औंधचा ग्रामस्वराज्याचा प्रयोग यांनी त्याची भूमी तयार केली.
२) शिक्षित तरुणांनी गाव हेच कार्यक्षेत्र मानल्यामुळे १९४२ चा उठाव प्रतिसरकारच्या रूपाने टिकून राहिला.
३) लोकांवरील दैनंदिन अवलंबित्व हे या नेतृत्वाच्या उत्तरदायित्वाचे व लोकमान्यतेचे प्रमुख कारण होते.
४) न्यायदानातील कठोरता व निर्णयप्रक्रियेतील स्त्रियांचा अभाव या त्याच्या ठळक मर्यादा होत.
५) स्वातंत्र्योत्तर संस्थात्मक विकासाने समृद्धी आणली, परंतु अवलंबित्वाची दिशा बदलल्याने उत्तरदायित्व क्षीण झाले.

सारांश, कुंडलच्या तरुणांनी नेतृत्व मागून घेतले नाही. भाकरीच्या उपकाराची जाणीव ठेवून ते रोज कमावले. स्मारकांवर पुष्पचक्र वाहताना आजच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावयास हवी ती हीच जाणीव होय.