मेंढरं बसवायची बोली

सुगी सरली, की आमच्या वडवणीच्या बाजूला धनगरांचे वाडे यायचे. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरांचा कळप. वाडा दिसला, की आजा जेवण टाकून म्होरक्याला गाठायला निघायचा. शेजाऱ्याने आधी बोली केली, तर आपलं रान खताविना राहिलंच म्हणायचं. बोली तोंडीच असायची: इतक्या रात्री, इतक्या पायल्या ज्वारी.

मेंढरं दिवसभर गायरानात आणि बालाघाटाच्या उतारावर चरायची. संध्याकाळी रानाच्या एका तुकड्याभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावून ती आत कोंडायची. सकाळी वाघर उचलली, की पुढच्या रात्री शेजारचा तुकडा. उकिरड्यावरच्या खतात मुताचा कस बराचसा वाया जातो. इथे लेंड्या आणि मूत दोन्ही जागेवरच मातीत. पहिला पाऊस झाला, की बसवलेलं रान पिकाच्या काळोखीवरून बांधावरूनच ओळखू यायचं.

मेंढरं गवतावरच का राखायची, यालाही हिशेब होता. 1942 साली अमेरिकेतल्या रेमंड लिंडमनने एका तळ्याच्या अभ्यासातून दाखवलं, की सूर्याची ऊर्जा वनस्पतीतून खाणाऱ्याकडे आणि त्याच्याकडून पुढच्याकडे जाताना दर पायरीला बरीचशी खर्ची पडते. पुढे ढोबळमानाने दहा टक्के सरकते, असा ठोकताळा रूढ झाला. गावाची वाटणी या हिशेबाला धरूनच होती. कणीस माणसाला, कडबा बैलाला, आणि माणसाच्या पोटाला न पचणारं गवत-पाला मेंढराला. मेंढराला ज्वारी घालून त्याचं मटण खायची चैन कोरडवाहू गावाला परवडणारी नव्हती.

जुन्या गावाचं फार कौतुक करतानाही एक विसरू नये. ते खत फुकट आलं नव्हतं. ऊन रोज नवं येतं. मातीतलं नत्र-स्फुरद मात्र बहुतांशी आहे तेच फिरतं. आमच्याकडे ते डोंगरावरून काळ्या रानात उतरायचं, परत वर जायचं नाही. आमच्या ज्वारीचं देणं पिढ्यान् पिढ्या डोंगराने फेडलं.

मग युरियाची गोणी आली, गायरानं आकसली. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. कडबा घटला, बैल घटले, मेंढरांची बोलीही मागे पडली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. तेव्हापासून कृषी खात्याच्या सल्ल्यात एक ओळ हमखास असते: वेचणी संपली, की रानात शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलेल्या बोंडांसकट अळी खाल्ली जाईल.

सल्ला चांगलाच आहे. पण आमच्याकडे तो अर्धाच पाळला जातो. मेंढरं दिवसा बोंडं खातात आणि रात्री भलतीकडेच बसतात. चार पायल्या ज्वारी, नाहीतर तेवढे पैसे मोजून त्यांना रात्रीही ठेवून घ्यावं. अळी जाईल, खतही रानातच राहील.